वंशावळीचा शोध (ग्रामीण विदर्भ)

जुने सरकारी कागद, शाळेची रजिस्टरे आणि घरातल्या जाणत्यांच्या आठवणी ताडून पूर्वजाचे गाव, जन्ममृत्यू, सोयरीक व वारस ठरवणे म्हणजे वंशावळीचा शोध. विदर्भातल्या खेड्यांत तो बहुधा जात पडताळणी किंवा शेतीच्या वाटणीच्या निमित्ताने सुरू होतो. पडताळणीसाठी ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 आणि अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो. त्यामुळे आजा-पणज्यापर्यंतचे कागद काढावेच लागतात.

बहुतेक लोक सातबाऱ्यापासून सुरुवात करतात. पण सातबारा जमिनीमागे चालतो. ज्याच्या नावे एकरभरही नव्हते, तो त्यात सापडत नाही. शोधाचा खरा आधार आहे कोतवाल बुक. गावातले जन्ममृत्यू कोतवाल कळवत असे आणि त्या नोंदींत मालगुजाराच्या (गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या) वाड्यासोबत मजुराचे खोपटेही येते. नोंद त्रोटक असते: तारीख, बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. बाळाचे नाव पुष्कळदा नसतेच.

म्हणून ती शाळेच्या दाखल खारीज रजिस्टरशी जुळवावी लागते. समजा, बुकात ‘गणपत वल्द (म्हणजे मुलगा) सोमा, कुणबी, मुलगा’ असे, म्हणजे सोमाच्या गणपतला मुलगा झाल्याचे, आहे आणि सात वर्षांनी शाळेत ‘किसन गणपत’ दाखल झाला. तेवढ्यावर दोघे एक ठरत नाहीत. मधल्या काळात गणपतला आणखी मुलगे झाले का, एखादा दगावला का, हे जन्म आणि मृत्यू दोन्हीकडच्या नोंदी चाळून पाहावे लागते. शाळेतली तारीख 1 जुलै असेल तर ती गुरुजींनी अंदाजे घातलेली समजावी आणि बुकातल्या तारखेला मान द्यावा. 1918 च्या इन्फ्लुएंझाने मध्य प्रांत व वऱ्हाडात प्रचंड माणसे नेली. त्या वर्षीची मृत्यूची पाने सोडू नयेत. अनेक घरांच्या शाखा तिथेच तुटलेल्या दिसतात.

बायांचा माग काढणे सर्वांत कठीण, आणि बहुतेक वंशावळी इथेच अर्धवट सोडल्या जातात, हे फार वाईट आहे. महसुली कागदांत बाई ‘जौजे’ (अमक्याची बायको) किंवा ‘बेवा’ (विधवा) म्हणूनच येते. लग्नात नाव बदलले की माहेरचे नाव पुसले जाते. तरी वाट आहे. नवरा वारल्यावरचा वारसाचा फेरफार, म्हणजे जमिनीवरचे नाव बदलल्याची नोंद, काढावा. मुले लहान असतील तर त्यात ‘अ.पा.क. आई’ अशी नोंद असते, म्हणजे अज्ञान पालनकर्ती, अज्ञान मुलांची पालक. तिचे नाव, मुलांची नावे आणि नवरा साधारण कधी वारला, हे त्या एका फेरफारात मिळते. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतरच्या फेरफारांत लेकीही येऊ लागल्या. त्यांचे हक्कसोड लेख जपून वाचावेत, कारण त्यांत सासरचे गाव सापडते.

जुन्या कागदांत आडनाव क्वचितच असते, तेव्हा बाप, आजा, मौजा आणि जात यांवरूनच माणूस ओळखावा लागतो. जातीचा रकानाही बदलतो: 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपुरातील धम्मदीक्षेनंतर एकाच घरात बापापुढे ‘महार’ आणि मुलापुढे ‘बौद्ध’ दिसते. जुने लिखाण मोडीत असेल तर वाचणारा जाणकार गाठावा.

जमिनीच्या कागदांसाठी मालगुजारीच्या मुलखात 1954-55 च्या सुमाराचे अधिकार अभिलेख (जमिनीवरील हक्कांच्या नोंदी), तर रयतवारी वऱ्हाडात पेरेपत्रके (शेतातल्या पेऱ्याच्या नोंदी) पाहतात. कागदाबाहेरही वंशावळ असते. भाटांच्या वह्या, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या आणि गोंडांच्या कुळकथा गाणारे परधान यांच्याकडून जे मिळते, ते कागदाशी ताडून घ्यावे.

नक्कल मागण्याआधी जिल्हा पाहावा. वाशीम 1998 पर्यंत अकोल्यात, गोंदिया 1999 पर्यंत भंडाऱ्यात आणि गडचिरोली 1982 पर्यंत चंद्रपुरात होता, त्यामुळे त्याआधीचे कागद जुन्या जिल्ह्यात असू शकतात. गाव उठून रिठी झाले असेल, तरी महसुली नकाशात मौजाचे नाव बहुधा टिकून असते. अर्ज त्याच नावाने करावा.