गोष्टीत "सगळे सारखेच" सांगितलं की काय होतं

काळ्या-गोऱ्याचं पोरांसमोर बोलूच नका, उगाच डोक्यात भरेल, असं अमेरिकेतल्या बऱ्याच पालकांना आणि टीचर्सना वाटतं, हेतू चांगलाच असतो त्यांचा. पण पोरांचं डोकं काही कोरं नसतं हो, तीन महिन्यांची बाळंसुद्धा रोज दिसणाऱ्या वंशाचे चेहरे जास्त वेळ बघत बसतात, हे 2005 च्या संशोधनात दिसलंय (नुकत्या जन्मलेल्या बाळांत असं काही नव्हतं, म्हणजे सगळा सवयीचा मामला). आणि आपण तरी कुठे गप्प बसतो, "सावळी आहे पण नाकीडोळी नीटस", यातला तो "पण" पोरं ऐकतातच की.

2010 मध्ये एक भारी प्रयोग छापून आला. तिकडच्या 8 ते 11 वर्षांच्या पोरांना चित्रांची एक गोष्ट दाखवली, त्यातल्या टीचरला वर्णभेद कमी करायचाय. काही पोरांच्या गोष्टीत ती म्हणते फरक सोडा, आपण किती सारखे आहोत ते बघा, आणि बाकीच्यांच्या गोष्टीत म्हणते फरक आहेत, ते बघा, त्यांचं कौतुक करा. मग शाळेतले काही प्रसंग ऐकवले, त्यातला एक तर अगदी उघड, काळ्या मुलाला गोऱ्या मुलाने काहीही कारण नसताना निव्वळ रंगावरून मारलं. "फरक बघा"वाल्यांपैकी बहुतेकांनी बरोबर ओळखलं, "सारखेच"वाल्यांपैकी बऱ्याच जणांना त्यात भेदभाव दिसलाच नाही! खरी गोम पुढे आहे. पोरांनी तो प्रसंग आपल्या शब्दांत सांगितला त्याचे व्हिडिओ टीचर्सना दाखवले, तर "सारखेच"वाल्यांचं ऐकून त्यांना वाटलं, यात आपण मध्ये पडायची फारशी गरज नाही. म्हणजे मार खाल्लेल्या पोराची तक्रार मोठ्यांपर्यंत पोचेपर्यंत विरूनच गेली.

2007 च्या एका अभ्यासात नामवंत काळ्या लोकांची छोटी चरित्रं शिकवली, एका गटाला त्यांनी सोसलेल्या भेदभावासकट, दुसऱ्याला तेवढं गाळून. सगळं ऐकलेल्या गोऱ्या पोरांचं काळ्या लोकांबद्दलचं मत जास्त चांगलं निघालं, मला तर उलटं वाटलं होतं.

म्हणून रुबी ब्रिजेसची गोष्ट तिकडे वर्गात वाचतात ते मला पटतं. 1960, न्यू ऑर्लिन्स, सहा वर्षांची काळी मुलगी गोऱ्यांच्या शाळेत जाते, गोरे पालक आपापली पोरं काढून घेतात, वर्षभर वर्गात ती आणि तिची टीचर, दोघीच. वाचता वाचता थांबून "बाकीची पोरं कुठे गेली?" एवढं विचारलं तरी तास पुरत नाही.