चंद्रावरचा धक्का तासभर का टिकतो?

कोल्हापुरात मांडणीवरची भांडी किणकिणली की तोंडातून पहिला शब्द निघतो, "कोयना!" 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप अनुभवलेली माणसं इथे अजून भेटतात. धक्का मोठा असो की किरकोळ, काही सेकंदांत ओसरतो. चंद्रावर तसं होत नाही. हे कळलं ते अंतराळवीरांनी तिथे मांडून ठेवलेल्या भूकंपमापकांमुळे.

20 नोव्हेंबर 1969 रोजी अपोलो 12 चे दोघे अंतराळवीर मुख्य यानात परतल्यावर, त्यांना वर आणणारं रिकामं चांद्रयान मुद्दाम चंद्रावर आदळवण्यात आलं. सुमारे 73 किलोमीटरवर ठेवलेल्या भूकंपमापकात त्याची थरथर जवळपास तासभर उमटत राहिली. 'चंद्र घंटेसारखा वाजला' असं तेव्हापासून लिहिलं जातं. मला ती उपमा पटत नाही. अंबाबाईच्या देवळातली घंटा टोल पडताक्षणीच सर्वांत मोठी वाजते. हा हादरा मात्र काही मिनिटं वाढतच गेला आणि मग सावकाश विरला.

चंद्राचा वरचा थर उल्कांच्या माऱ्याने खोलवर भेगाळलेला आहे. लहरी त्या भेगांवर आपटत, दिशा बदलत, रेंगाळत पोचतात. पृथ्वीवर खडकांच्या फटींतलं पाणी लहरींची ऊर्जा लवकर शोषून घेतं. चंद्राचा खडक ठणठणीत कोरडा, म्हणून थरथर संपता संपत नाही. कोयनेत पाण्याची भूमिका वेगळीच: जलाशयाचं पाणीच तिथल्या धक्क्यांना निमित्त होतं, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात.

खरी अडचण विजेची होती. अपोलो 11 चा भूकंपमापक सौर पट्ट्यांवर चालायचा. तो तीनेक आठवड्यांतच बंद पडला. चंद्रावरची रात्र आपल्या 14 दिवसांची असते. म्हणून अपोलो 12 पासून प्लुटोनियम-238 या किरणोत्सर्गी धातूच्या उष्णतेवर वीज बनवणारा जनित्र नेला, क्षमता सुमारे 70 वॉट. त्याची इंधनकांडी आवरणात अडकून बसली. त्या दोघा अंतराळवीरांपैकी ॲलन बीन ओढतायत, ती हलेना. शेवटी दुसरे, पीट कॉनराड यांनी आवरणावर हातोडा हाणला तेव्हा कुठे ती सुटली. शिरोली एमआयडीसीतल्या फिटरला या उपायाचं नवल वाटणार नाही. पण प्रत्येक वेळी असं निभावलं नाही. अपोलो 16 मध्ये जॉन यंग यांचा पाय केबलमध्ये अडकून ती तुटली आणि जमिनीखालची उष्णता मोजण्याचा प्रयोग तिथेच संपला.

अपोलो 12, 14, 15 आणि 16 च्या भूकंपमापकांचं जाळं 30 सप्टेंबर 1977 पर्यंत चाललं. 12 हजारांहून अधिक हादरे नोंदले गेले. त्यांतले बरेचसे 700 किलोमीटरहून खोल, पृथ्वीच्या ओढीच्या तालावर दर महिन्याला परतणारे.

त्यानंतर चंद्राची कंपनं टिपली ती 2023 मध्ये, चांद्रयान-3 च्या विक्रम लँडरवरील 'इल्सा' या कंपनमापकाने. प्रज्ञान रोव्हर चालल्याची थरथर त्यात आली, 26 ऑगस्टला नैसर्गिक वाटणारा एक हादराही आला. पण वीज पुन्हा सौर पट्ट्यांचीच. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथे रात्र झाली आणि नोंदी थांबल्या.