एन१ आणि सी१: प्लाझमिडच्या नकाशामागचा इतिहास

पेशीजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतला फ्रीझर उघडला की पीईजीएफपी-एन१ किंवा पीईजीएफपी-सी१ असे लिहिलेली नळी बहुधा सापडतेच. प्लाझमिड म्हणजे जनुके पेशीत नेण्यासाठी वापरला जाणारा डीएनएचा छोटा गोल तुकडा. पहिले प्लाझमिड ४७३३ बेसजोड्यांचे (डीएनएच्या अक्षरजोड्यांचे), दुसरे ४७३१. नकाशा म्हणजे एक वर्तुळ आणि त्यावर काही बाण. सीएमव्ही प्रोमोटर (जनुक चालू करणारा तुकडा) एका विषाणूचा, एसव्ही४० चे तुकडे त्याच नावाच्या दुसऱ्या विषाणूचे, प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुक जिवाणूंमधल्या टीएन५ या उड्या मारणाऱ्या डीएनए-तुकड्याचे, आणि हिरवे प्रथिन (जीएफपी; ईजीएफपी हा त्याचाच सुधारलेला प्रकार) जेलीफिशचे. यातला प्रत्येक तुकडा कुणाच्या तरी अडचणीतून तिथे आला आहे. ती अडचण ठाऊक नसली तरी प्लाझमिड चालते, पण ज्या दिवशी ते चालत नाही त्या दिवशी हा इतिहासच उपयोगी पडतो.

सांगाडा, म्हणजे हिरव्या प्रथिनाचे जनुक सोडून उरलेले प्लाझमिड, त्या प्रथिनाच्या वापरापेक्षा बराच जुना आहे. १९७३ मध्ये ग्रॅहॅम आणि व्हॅन डर एब यांनी डीएनए कॅल्शियम फॉस्फेटबरोबर साक्याच्या रूपात पेशींवर सोडला, तर पेशी तो आत घेतात हे दाखवले. पण आत गेलेला डीएनए फार थोड्या पेशींत टिकतो. त्या पेशी निवडायच्या कशा? १९८२ मध्ये सदर्न आणि बर्ग यांनी पीएसव्ही२-निओ बांधले. टीएन५ मधले निओमायसिन-रोधक जनुक (निओ) त्यांनी एसव्ही४० च्या प्रोमोटरखाली ठेवले, म्हणजे जी४१८ या विषारी औषधातही ते जनुक मिळालेली सस्तन पेशी जगते. हेच जनुक जिवाणूला कॅनामायसिनपासून वाचवते. त्यामुळे एन१ आणि सी१ मध्ये एकच जनुक दोन्ही कामे करते: ई. कोलायमध्ये वाढवताना कॅनामायसिन, पेशींमध्ये निवडताना जी४१८. म्हणूनच या प्लाझमिडच्या जिवाणूंना ॲम्पिसिलिन घालून चालत नाही. नवख्यांच्या पुष्कळ रिकाम्या प्लेटांचे कारण एवढेच असते.

१९८० च्या दशकाच्या मध्याला मानवी सायटोमेगॅलोव्हायरसच्या (सीएमव्हीच्या) एन्हान्सरची, म्हणजे जनुकाचे काम वाढवणाऱ्या तुकड्याची, ताकद लक्षात आली. कितीतरी प्रकारच्या पेशींत तो जोरात चालतो. प्रथिन भरपूर हवे असलेल्यांना दुसरे काय हवे होते! या जोराची किंमत पुढे मोजावी लागली.

आता जेलीफिशकडे. १९६१ च्या उन्हाळ्यात ओसामू शिमोमुरा आणि फ्रँक जॉन्सन अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या फ्रायडे हार्बरला ॲक्वोरिया जेलीफिश गोळा करत होते. शोध होता प्रकाश देणाऱ्या प्रथिनाचा, आणि ते मिळालेही: कॅल्शियम लागताच निळे उजळणारे ॲक्वोरिन. त्याच्याबरोबर एक हिरवे प्रथिनही वेगळे झाले. १९६२ च्या शोधनिबंधात त्याचा उल्लेख केवळ ओघात आला आहे. पुढची तीस वर्षे या जोडीदाराकडे फार थोड्यांनी पाहिले.

१९९२ मध्ये डग्लस प्रॅशर यांनी त्याचे जनुक क्लोन केले: २३८ अमिनो आम्लांचे प्रथिन, साधारण २७ किलोडाल्टनचे. पुढच्या कामाला निधी मिळाला नाही, तेव्हा त्यांनी क्लोनचे नमुने मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सिएन यांना पाठवले. २००८ चा रसायनशास्त्राचा नोबेल शिमोमुरा, चॅल्फी आणि त्सिएन यांना मिळाला. प्रॅशर त्यात नव्हते. विज्ञानातला हात राखून न ठेवणारा असा व्यवहार मला या साऱ्या कथेत सर्वांत मोलाचा वाटतो.

त्या वेळी खरा प्रश्न होता तो रंगाच्या केंद्राचा. प्रकाश देणारा भाग जेलीफिशमधल्या इतर एन्झाइमांनी घडवला जात असेल, तर एकटे जनुक दुसऱ्या सजीवात नेऊन काय उपयोग? जनुक दुसरीकडे चालवायचे काही प्रयत्न फसले होते, कारण क्लोनमधला सांकेतिक भागाबाहेरचा (प्रथिनाचा संकेत नसलेला) डीएनएही सोबत गेला होता. चॅल्फींच्या प्रयोगशाळेने पीसीआरने (डीएनएच्या हव्या तेवढ्याच तुकड्याच्या प्रती काढायच्या पद्धतीने) नेमका सांकेतिक भाग उचलला आणि जिवाणू हिरवे चमकले. पाठोपाठ सी. एलिगन्स या कृमीच्या स्पर्शसंवेदी चेतापेशीही. १९९४ च्या त्या निबंधाने सांगितले ते एवढेच की बाहेरचे काही लागत नाही. ६५ ते ६७ या तीन अमिनो आम्लांपासून रंगकेंद्र आपले आपण घडते, फक्त ऑक्सिजन हवा. त्याच वर्षी वांग आणि हेझलरिग यांनी हे प्रथिन फळमाशीच्या एक्झुपेरॅन्शिया प्रथिनाला जोडले, आणि जोडप्रथिन आपल्या नेहमीच्या जागी जाऊन तिथे चमकले. माझ्या मते आपल्या विषयाची सुरुवात खरे तर इथे होते. चॅल्फींच्या कृमीत हिरवा रंग जनुक कुठे चालू आहे ते सांगत होता, तर माशीत प्रथिन कुठे आहे ते.

सस्तन पेशींत मात्र मूळ जनुक रडतखडत चालायचे. थंड समुद्रातल्या प्राण्याचे प्रथिन ३७ अंशांना नीट घडी घेत नव्हते. त्याला उत्तेजित करणारा मुख्य प्रकाश ३९५ नॅनोमीटरचा, म्हणजे अतिनीलाच्या काठावरचा आणि जिवंत पेशीला जाचक. आणि जेलीफिशच्या कोडॉनांची, म्हणजे अमिनो आम्ल ठरवणाऱ्या तीन अक्षरी संकेतांची, निवड मानवी पेशीला सोयीची नव्हती. तीन अडचणींवर तीन उपाय जवळपास एकाच काळात आले. १९९५ मध्ये त्सिएन यांच्या गटाने ६५ व्या जागी सेरीनऐवजी थ्रिओनिन बसवले, आणि उत्तेजनाचा एकच शिखरबिंदू निळ्या प्रकाशात, ४८९ नॅनोमीटरला आला. आर्गॉन लेसरची ४८८ ची रेषा प्रयोगशाळांत होतीच! १९९६ मध्ये कॉरमॅक, व्हॅल्डिव्हिया आणि फॉल्को यांच्या प्रकारात त्याच्याबरोबर ६४ व्या जागचे फिनाइलॲलानिन ल्युसिन झाले, आणि ३७ अंशांची घडी सुधारली. याच बदलांवर मानवी पसंतीचे संकेत चढवले, १९० हून अधिक मूक (अमिनो आम्ल न बदलणारे) बदल करून. ईजीएफपी ते हेच. क्लॉनटेक कंपनीने ते सीएमव्ही प्रोमोटरखाली, निओच्या सांगाड्यात बसवून विकायला काढले.

एन आणि सी या अक्षरांनी अनेकांना गोंधळात टाकले आहे. एन म्हणजे तुमचे प्रथिन ईजीएफपीच्या एन-टोकाला (प्रथिनसाखळीच्या सुरुवातीला) जोडले जाते, अर्थात हिरवा भाग तुमच्या प्रथिनाच्या सी-टोकाला (शेवटाला) येतो. सी१ मध्ये उलटे. एन१ मध्ये जनुक टाकताना त्याचा स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच संपवणारा संकेत) काढावाच लागतो, नाहीतर हिरवा भाग कधी तयारच होत नाही. वाचनचौकटही, म्हणजे तीन-तीन अक्षरे कुठून मोजायची तेही, जुळायला हवी. एन१, एन२, एन३ अशा तीन आवृत्त्या काढल्या त्या यासाठीच. टोकाची निवड जीवशास्त्र ठरवते: पेशीबाहेर जाणाऱ्या प्रथिनाचा संकेत एन-टोकाला असतो, त्यापुढे ईजीएफपी बसवले तर तो झाकला जातो, म्हणून तिथे एन१. रास या प्रथिनाचे पटलाला चिकटवणारे टोक सी-टोकाला, म्हणून तिथे सी१.

पुढच्या काही वर्षांत काय दिसले हे आठवले की आजही थरारायला होते. १९९७ मध्ये प्रेस्ली, लिपिनकॉट-श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी व्हीएसव्ही विषाणूच्या जी प्रथिनाच्या तापसंवेदी प्रकाराला जीएफपी जोडले. ४० अंशांना ते आंतर्द्रव्यजालिकेत (पेशीत प्रथिने घडतात त्या जाळ्यात) अडकून राहिले, तापमान ३२ ला आणताच सारे एकदम पुढच्या टप्प्याकडे, गॉल्जीकडे निघाले. पाठ्यपुस्तकातला बाण पडद्यावर सरकताना दिसला. १९९८ मध्ये हिस्टोन एच२बी या गुणसूत्रांतल्या प्रथिनाला जीएफपी जोडून कांडा, सलिव्हन आणि वॉल यांनी जिवंत हेला पेशीतली गुणसूत्रे दाखवली, रंग न घालता, पेशी न मारता.

मग सीएमव्हीच्या जोराचा दुसरा चेहरा दिसू लागला. प्रथिन गरजेपेक्षा कितीतरी जास्त झाले की ते भलत्याच ठिकाणी सांडते, गोळे होतात, आणि पाहणारा त्यालाच शोध समजतो. शिवाय ईजीएफपी स्वतःशी हलकेच जोडी जमवते. पटलावर दाटीवाटीने बसलेल्या प्रथिनांत ही जोडी दिशाभूल करते. २००२ मध्ये २०६ व्या जागी ॲलानिनऐवजी लायसिन घालून ती मोडता आली. लाल रंगात दुखणे याहून मोठे होते. १९९९ मध्ये डिस्कोसोमा या प्रवाळासारख्या प्राण्यापासून मिळालेले डीएसरेड हे लाल प्रथिन चौघांचा गट करूनच राहते. ते सुटे करायला ३३ बदल लागले, तेव्हा २००२ मध्ये एमआरएफपी१ मिळाले, आणि २००४ मध्ये त्याच्यापासून एमचेरी.

या लाल प्रथिनांसाठी सांगाडा नव्याने बांधायची गरज पडली नाही. एन१ मध्ये ईजीएफपीच्या अलीकडे एजीई-१ आणि पलीकडे नॉट-१ या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमांची कापण्याची ठिकाणे आहेत. दोन्ही ठिकाणी कापून हिरवा तुकडा काढायचा, त्या जागी लाल बसवायचा. आज कितीतरी नळ्यांवर एमचेरी-एन१ असे लिहिलेले असते, आणि त्यातला ईजीएफपी सोडून बाकी सारे जुन्या एन१ चेच असते: सीएमव्ही, टीएन५ चे निओ, एसव्ही४० चा, जनुकाचा संदेश संपवणारा शेपटीचा तुकडा.