ऑटोमन सुलतानांचे शाही मार्च

ऑटोमन साम्राज्यात सुलतानाच्या मानवंदनेसाठी रचलेल्या बँडच्या धुना. १८२९ च्या सुमारापासून १९२२ पर्यंत त्या प्रचारात होत्या. त्यांना सर्रास राष्ट्रगीत म्हटले जाते, पण ते तितकेसे बरोबर नाही. धून देशाची नसे, गादीवरच्या माणसाची असे. सुलतान बदलला की बहुधा धूनही बदले.

पूर्वी हा मान मेहतेर या वादकपथकांचा होता. झुर्ना, दावुल (मोठा ढोल), झांजा, कर्णे आणि नक्कारे असा त्यांचा थाट. झुर्ना आपल्या सनईच्या कुळातली. ‘नक्कारे’ आणि ‘नगारा’ तर एकाच अरबी शब्दाची रूपे. १८२६ मध्ये सुलतान दुसऱ्या महमूदने जॅनिसरी ही जुनी खडी फौज मोडून काढली आणि तिच्याशी जोडलेले मेहतेरही बंद पडले. युरोपीय कवायत शिकणाऱ्या नव्या पलटणींना नव्या धुना हव्या होत्या.

त्यासाठी १८२८ मध्ये जुझेप्पे दोनिझेत्ती हा मूळचा इटलीतल्या बेर्गामोचा संगीतकार इस्तंबूलला आला. ऑपेराकार गाएतानोचा हा थोरला भाऊ. दरबारी वादकांना पाश्चात्त्य स्वरलेखन वाचता येत नव्हते. तेव्हा त्याने आधी हंपार्तसुम या आर्मेनियन संगीतकाराची स्थानिक स्वरलिपी शिकून घेतली आणि तिची चिन्हे पाच रेघांवरच्या स्वरांशी जुळवून दाखवली. त्याच्या हाताखालच्या या दरबारी पथकाचे नाव ‘मुझिका-इ हुमायून’, म्हणजे शाही वाद्यवृंद. महमूदसाठीची ‘महमूदिये’ ही धून दोनिझेत्तीचीच. १८३९ मध्ये अब्दुल मजीद गादीवर आला, त्याच्यासाठीची ‘मजीदिये’ही त्याचीच. १८४७ मध्ये इस्तंबूलला आलेल्या फ्रान्झ लिस्ट या नामवंत पियानोवादकाने दोनिझेत्तीच्या मार्चवर पियानोसाठी एक झोकदार रचना बेतली. दोनिझेत्ती पुढे पाशा झाला आणि १८५६ मध्ये इस्तंबूलमध्येच वारला.

पुढचा सुलतान अब्दुल अझीझसाठी ‘अझीझिये’ रचली तीही इटालियनानेच, कालिस्तो ग्वातेल्लीने. १८७६ मध्ये आलेल्या पाचव्या मुरादला पोल्का-वॉल्ट्झ या युरोपीय नाचांच्या धुना रचण्याचा नाद होता, पण त्याच्या स्वतःच्या नावाचा अधिकृत मार्च काही रूढ झाला नाही. ९३ दिवसांत त्याला पदच्युत केले गेले. त्यानंतरच्या दुसऱ्या अब्दुल हमीदची ‘हमीदिये’ मात्र तुर्क संगीतकार नेजिप पाशाची. तोही दोनिझेत्तीच्याच तालमीतला. १९०९ मध्ये पाचव्या महंमद रशादसाठी ‘रशादिये’ आली, कर्ता पुन्हा इटालियन: इतालो सेल्वेल्ली.

१९१८ मध्ये, साम्राज्य पहिले महायुद्ध हरण्याच्या बेतात असताना, सहावा महंमद गादीवर आला. त्याच्यासाठी नवी धून रचली गेली नाही. जुनी ‘महमूदिये’च पुन्हा वाजू लागली आणि १९२२ मध्ये सल्तनत रद्द होईपर्यंत वाजत राहिली.