पांढरीच्या टेकाडात हंडा नसतो

गावाबाहेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडावर चार माणसं दोऱ्या बांधून माती खरवडू लागली, की पारावर कुजबुज सुरू होते: ‘हंडा लागला म्हणे!’ पुरातत्त्व म्हणजे गुप्तधन शोधणं, हा समज काही केल्या जात नाही.

शिरूर तालुक्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावचंच बघा. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. हंडा निघाला नाही. निघाल्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या घरांच्या जमिनी, चुली, कणग्यांच्या खुणा आणि जळून कोळसा झालेले जवाचे दाणे. घरातल्या जमिनीखाली लहान मुलं पुरलेली होती. दोन मातीचे कुंभ तोंडाला तोंड लावून, त्यात ते मूल. मोठ्यांना पुरताना पावलं तोडलेली. का, यावर तर्क आहेत. मेलेला माणूस चालत निघून जाऊ नये म्हणून, हा त्यातला एक. वरच्या, म्हणजे नंतरच्या थरांत ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात. दिवस फिरले होते.

हे कळतं ते वस्तू कुठल्या थरात, कशाशेजारी सापडली यावरून. म्हणून तर कुदळीपेक्षा खुरपी, ब्रश, चाळणी आणि नोंदवही जास्त चालते. रात्री गुपचूप खड्डा मारणाऱ्याला फार तर खापरं मिळतात, आणि थर मात्र कायमचे विस्कटतात.