नेत्याच्या तोंडावर ‘नाही’ कोण म्हणतं?

क्यूबातून परागंदा झालेल्या सुमारे १,४०० जणांना बे ऑफ पिग्जच्या किनाऱ्यावर उतरवायचं आणि फिडेल कास्ट्रोंची सत्ता उलथवायची, असा सीआयएचा बेत होता. राष्ट्राध्यक्ष केनेडींचे सहायक आर्थर श्लेसिंजर यांना तो पटला नव्हता. तसं त्यांनी लेखी कळवलंही, पण भर बैठकीत ते गप्प राहिले. १७ एप्रिल १९६१ ला माणसं उतरली. तीन दिवसांत मोहीम बुडाली आणि अकराशेहून अधिक जण कैद झाले. आपण तेव्हा बोललो नाही, याची खंत श्लेसिंजर यांनी पुढे लिहून ठेवली.

तापट नेता तापट निर्णय घेतो आणि सावध नेता सावध, असं आपण धरून चालतो. मला वाटतं, स्वभावाचा परिणाम त्याआधीच सुरू होतो, आणि तो समोर बसलेल्यांवर होतो. वाईट बातमी कोणी सांगायची, शंका कुठवर ताणायची, हे साहेबांचा चेहरा बघून ठरतं. केनेडींना औपचारिक बैठकांचा कंटाळा. आधीचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी बसवलेली सल्लामसलतीची घडी त्यांनी येताच मोडली. त्याने कारभारात मोकळेपणा आला खरा, पण कागद तपासणारी चाळणीही गेली. मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग जॅनिस यांनी १९७२ मध्ये ‘ग्रुपथिंक’ची कल्पना मांडताना बे ऑफ पिग्जचा प्रसंग मुद्दाम घेतला. एकमेकांशी छान जमलेल्या गटात एकी इतकी प्यारी होते, की शंका असलेला माणूस आपणच आपलं तोंड बंद करतो.

नेत्यांकडून प्रश्नावली भरून घेता येत नाही, म्हणून संशोधक त्यांचे शब्द तपासतात. मार्गारेट हरमन यांनी उत्स्फूर्त मुलाखतींवर भर दिला, कारण भाषण बहुधा दुसऱ्याने लिहिलेलं असतं. बोलण्यात ‘कदाचित’, ‘शक्य आहे’ किती वेळा येतं आणि ‘नेहमी’, ‘नक्कीच’ किती वेळा, यावरून विचारातली गुंतागुंत पेलण्याची तयारी कळते. पीटर सूडफेल्ड आणि फिलिप टेटलॉक यांनी वेगळ्या मोजपट्टीने पहिल्या महायुद्धाआधीच्या १९१४ च्या आणि क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून उद्भवलेल्या १९६२ च्या पेचप्रसंगांतले सरकारी संदेश तपासले. १९१४ मध्ये युद्ध जवळ येत गेलं तसा विचार एकेरी होत गेला. १९६२ मध्ये उलट घडलं.

१९६२ मधले केनेडी माणूस म्हणून तेच होते. १६ ऑक्टोबरला क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांची छायाचित्रं त्यांच्यासमोर आली, तेव्हा पहिला कल हवाई हल्ल्याकडेच होता. पण आता त्यांनी स्वतःला आवर घातला. सल्लागारांना मोकळेपणाने भांडता यावं म्हणून ते काही बैठकांतून मुद्दाम बाहेर राहिले. स्वभाव बदलला नसेल, पण त्याची मर्यादा त्यांनी ओळखली होती, आणि मला ही नेत्यातली फार मोठी गोष्ट वाटते.

त्या दिवसांतल्या अनेक बैठका केनेडींनी गुपचूप ध्वनिमुद्रित केल्या होत्या. १९ ऑक्टोबरच्या फितीत हवाई दलप्रमुख कर्टिस लमे त्यांना तोंडावर सुनावतात, की हल्ला न करता क्यूबाची समुद्रातून नाकेबंदी करणं म्हणजे जवळजवळ म्युनिकच्या, म्हणजे १९३८ मध्ये ब्रिटन-फ्रान्सने हिटलरपुढे घातलेल्या, लोटांगणाइतकंच वाईट. घाव वर्मी होता, कारण म्युनिक कराराच्या वेळी केनेडींचे वडील लंडनमध्ये राजदूत होते आणि हिटलरशी तडजोडीच्या बाजूचे होते. केनेडींनी ऐकून घेतलं. तीन दिवसांनी त्यांनी नाकेबंदीच जाहीर केली.