१३ लाखांच्या बाहेरचा खर्च

१५ जानेवारी २०२६ला नवी मुंबईकरांनी जवळपास पावणेअकरा वर्षांनी नगरसेवक निवडले. आधीचं मतदान एप्रिल २०१५चं. तेव्हा ऐरोली-घणसोलीत तिसरीत शिकणारी मुलं या वेळी मतदार होती. ठाण्यात त्याच दिवशी मतदान झालं, तेही फेब्रुवारी २०१७ नंतर पहिल्यांदा. नवी मुंबईत मे २०२०पासून आणि ठाण्यात मार्च २०२२पासून प्रशासक कारभार पाहत होते. निवडणूक खर्चाला खरा लगाम घाला, ही मागणी दोन्ही शहरांत पुन्हा जोर धरते आहे. ती समजून घ्यायची तर थोडं मागे जावं लागेल.

ठाणे महापालिका १९८२ची, नवी मुंबई १९९२ची. ठाण्याची पहिली निवडणूक १९८६ला झाली, तेव्हा राज्य निवडणूक आयोग अस्तित्वातच नव्हता. ७४व्या घटनादुरुस्तीनंतर, १९९४मध्ये महाराष्ट्रात हा आयोग आला. मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, हे बंधनही त्याच दुरुस्तीने घातलं. ते किती पाळलं गेलं, हे वरच्या तारखाच सांगतात. करोना, ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचा घोळ अशी कारणं एकामागून एक येत गेली. अखेर ६ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका उरकायला सांगितलं. तीही मुदत पुढे ३१ जानेवारी २०२६पर्यंत वाढवावी लागली.

निवडणूक लांबली म्हणून खर्च थांबला, असं मात्र झालं नाही. उमेदवाराचा हिशोब अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचाच धरला जातो. इच्छुकांचा खर्च त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. गणपतीला कोकणात जायला फुकट बस, लाखांच्या बक्षिसांच्या दहीहंड्या, हळदीकुंकवाला भेटवस्तू, सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक, नाक्यानाक्यावर वाढदिवसाचे फलक हे सगळं ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. निवडणूक कधीही लागेल या धास्तीने हे वर्षानुवर्षं चालू राहिलं. ज्याच्या खिशात दम होता तोच मैदानात टिकला. यातला एक रुपयाही कायद्याच्या भाषेत निवडणूक खर्च नाही. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे आणि सुधारणेच्या चर्चेत नेमकं त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं.

हिशोबात येतो तो खर्च पाहू. २०१७ला ठाण्यातल्या उमेदवाराला ८ लाखांची मर्यादा होती. या वेळी आयोगाने ती १३ लाख केली, तर नवी मुंबईसाठी ११ लाख ठरवली. निवडणूक कार्यालय दरपत्रक काढतं. त्यात खुर्ची, मांडव, चहा, वडापाव, रिक्षा या सगळ्यांचे भाव ठरलेले असतात आणि त्याच भावाने खर्च दाखवायचा असतो. निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशोब द्यावा लागतो. तो दिला नाही तर आयोग ३ वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. कागदावर व्यवस्था चोख आहे. पण ती पकडते कुणाला? स्वतःच्या पैशाने लढणाऱ्या, चहाचे पेलेसुद्धा मोजून लिहिणाऱ्या अपक्षाला. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही.

ही पळवाट जुनी आहे आणि जाणूनबुजून ठेवलेली आहे. १९७४मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच खात्यात धरायचा. त्याच महिन्यात केंद्र सरकारने अध्यादेश काढून तो निकाल निष्प्रभ केला. तो कायदा लोकसभा-विधानसभेपुरता होता, पण पक्षाचा पैसा वेगळा ही सवय तिथून खाली गल्लीपर्यंत झिरपली. पक्षाला तो पैसा येतो कुठून, हे मतदाराला कळण्याची वाटही वरूनच बंद होत गेली. २०१८च्या निवडणूक रोख्यांनी देणगीदाराचं नाव झाकलं. १५ फेब्रुवारी २०२४ला न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली.

महापालिकेच्या पातळीवर पैशाचा प्रश्न जास्त टोचतो, कारण तिथे देणारा आणि घेणारा एकाच शहरात असतात. रस्ते, नाले, कचरा, बांधकाम परवानग्या यांत ज्यांचे हितसंबंध, तेच निवडणुकीत मदत करणार. ठाण्यात १९९०च्या दशकातच महापालिकेतल्या टक्केवारीचा बोभाटा एवढा झाला होता की चौकशीसाठी नंदलाल समिती नेमावी लागली. निवडून यायला घातलेला पैसा पाच वर्षांत वसूल करायचा, हा हिशोब कोणत्याच नमुन्यात भरला जात नाही.

त्यात प्रभागांचा खेळ. ठाण्यात २००२ला बहुसदस्यीय, म्हणजे एकापेक्षा जास्त नगरसेवकांचे प्रभाग आले, २००७ला एकाचा वॉर्ड, २०१२ला दोघांचा, २०१७ला चौघांचा. पुढे कायदा पुन्हा एकावर, मग तिनावर आणि परत चारावर आला. सरकार बदललं की प्रभाग बदलतो, असाच शिरस्ता पडला. मार्च २०२२मध्ये तर प्रभागरचनेचे अधिकारच विधिमंडळाने आयोगाकडून काढून सरकारकडे घेतले आणि सर्व पक्षांचं त्यावर एकमत झालं. नवी मुंबईत २०१५पर्यंत एका वॉर्डाला एक नगरसेवक होता. या वेळी पहिल्यांदा १११ जागांचे २८ प्रभाग झाले. ठाण्यात १३१ जागा, ३३ प्रभाग. २०११च्या जनगणनेने हिशोब केला तरी ठाण्यातला चारचा प्रभाग ५६ हजारांच्या घरात जातो. एवढ्या वस्तीत घरोघर फिरायचं ते चार उमेदवारांच्या पॅनलने, म्हणजे पक्षाने. मुंबईत २००७ला जुहूमध्ये नागरिकांनीच उभे केलेले अडॉल्फ डिसूझा निवडून आले, ते एकाच्या वॉर्डात. कोपरी किंवा नेरुळमधल्या एखाद्या शिक्षिकेला आज तसं लढायचं असेल तर आधी तीन जोडीदार शोधावे लागतील, नाहीतर चौपट मतदारांपर्यंत एकटीनेच पोचावं लागेल.

आयोगाने काहीच केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. २०१६ला आयकर विवरणपत्रं आणि लेखापरीक्षित हिशोब न देणाऱ्या १९१ पक्षांची नोंदणी त्याने रद्द केली. २०१८ला 'नोटा'ला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची, असा आदेश काढला. जानेवारी २०२१मध्ये नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी इथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं दिसताच तिथल्या निवडणुका रद्द केल्या. मनात आणलं की आयोग दात दाखवू शकतो.

ठाणे मतदाता जागरण अभियानासारखे गट मतदारांना उमेदवाराला प्रश्न विचारायला शिकवत आले आहेत. आता हे प्रश्न कायद्यात यायला हवेत. पक्षाच्या खर्चालाही प्रभागागणिक मर्यादा हवी. हिशोब अर्ज भरल्यापासून न धरता किमान सहा महिने आधीपासून धरावा. प्रभागरचना आयोगाकडे परत द्यावी आणि मुदत संपण्याच्या वर्षभर आधी ती गोठवावी. ही कामं विधिमंडळाशिवाय होणार नाहीत, आणि तिथे बसलेल्यांना ती सोयीची नाहीत हे उघड आहे, म्हणून दबाव बाहेरूनच यावा लागेल. एक गोष्ट मात्र कायदा न बदलता होण्यासारखी आहे. २००२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उमेदवाराची मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती मतदारापुढे येऊ लागली. २०१७ला तर तिचा गोषवारा मतदान केंद्राबाहेर फलकावर लागला होता. मग १५ जानेवारीला लढलेल्या प्रत्येकाचा खर्चाचा हिशोब प्रभागवार, मराठीत, माहिती अधिकाराचा अर्ज न करता महापालिकेच्या संकेतस्थळावर वाचायला मिळालाच पाहिजे, जिंकलेल्यांचाही आणि हरलेल्यांचाही.